बिनपगारी, पण कुणाच्या मर्जीनं?

बर्मिंगहॅमच्या ज्युवेलरी क्वार्टर या जुन्या कारागीर वस्तीत, फ्रेडरिक स्ट्रीटवर, पेन म्युझियम नावाचं एक छोटंसं संग्रहालय आहे. १९व्या शतकात जगभर वापरल्या जाणाऱ्या पोलादी निबांचा फार मोठा वाटा या एका शहरात बनत असे. आपल्याकडे बोरू मागे पडून टाक आला तो अशा निबांच्या जोरावरच. संग्रहालयाचा बराचसा कारभार स्वयंसेवकांवर चालतो. २०११ साली त्यांच्यात केट रायली नावाची बावीस वर्षांची तरुणी होती. आदल्या वर्षी तिनं बर्मिंगहॅम विद्यापीठातून भूशास्त्राची पदवी घेतली होती. नोकरी मिळत नव्हती, म्हणून ती बेकारभत्त्यावर होती. संग्रहालयांच्या क्षेत्रातच पुढे जायचं असं तिनं ठरवलं होतं आणि तिथे अनुभवाशिवाय कुणी उभं करत नाही, म्हणून ती पेन म्युझियममध्ये फुकट काम करत होती. पंचवीस वर्षांखालच्या बेकाराला तेव्हा आठवड्याला ५३ पौंड ४५ पेन्स मिळत.

त्या शरद ऋतूत जॉब सेंटर या सरकारी रोजगार कार्यालयानं तिला दुकानांतल्या नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या एका कार्यक्रमाला पाठवलं. तिथे गेल्यावर कळलं की हे प्रशिक्षण आहे आणि त्यानंतर दुकानात बिनपगारी कामही करायचं आहे. आपल्याला दुकानाचा अनुभव आधीच आहे आणि संग्रहालयातलं काम सुटेल, असं तिनं सांगून पाहिलं. आली नाहीस तर भत्ता बंद होईल, असं उत्तर मिळालं. मग ती दोन आठवडे किंग्ज हीथ भागातल्या ‘पाउंडलँड’मध्ये गेली. एका पौंडाला वस्तू विकणाऱ्या दुकानांची ही मोठी साखळी. तिथे तिनं लाद्या झाडल्या, फळ्यांवर माल लावला. शेवटी नोकरी काही मिळाली नाही.

केट रायली कोर्टात गेली आणि पुढची काही वर्षं ब्रिटनमध्ये तिच्या नावानं बराच गदारोळ झाला. लाडावलेली पदवीधर पोरगी, झाडू मारायची लाज वाटते, असा एका बाजूचा सूर. सरकार गुलाम पाळतंय असा दुसरीकडचा. दोन्ही सुरांत एक साधी गोष्ट बुडून गेली. संग्रहालयातलं कामही बिनपगारी होतं आणि दुकानातलंही. भत्ता दोन्हीकडे तोच. बेकार माणसानं फुकट राबण्यावर सरकारचा आक्षेप नव्हताच, उलट तसा आग्रह होता. खटकलं ते एवढंच की ती कुठे राबणार हे तिनं स्वतः ठरवलं होतं. ब्रिटिश भत्त्याचा शंभरेक वर्षांचा इतिहास वाचताना मला हीच गाठ पुन्हा पुन्हा सापडत गेली.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. भत्ता घेताना स्वयंसेवा करता येत नाही, असं ब्रिटनमधल्या अनेकांना आजही वाटतं. प्रत्यक्षात करता येते, आणि तासांचीही कमाल मर्यादा नाही. अट असते ती नोकरीसाठी मोकळं असण्याची. एरवी भत्ता घेणाऱ्यानं काम मिळालं की लगेच रुजू व्हायचं असतं. स्वयंसेवकाला थोडी सवलत आहे: मुलाखतीला ४८ तासांची आणि रुजू व्हायला आठवड्याची मुदत. म्हणजे गरजूंना अन्नधान्य वाटणाऱ्या फूड बँकेतल्या आजच्या पाळीत पोती अर्धी रिकामी टाकून पळावं लागत नाही. प्रवासखर्च परत घेता येतो, पण पावतीनिशी. ‘चहापाण्याचे दहा पौंड’ असे ठोक दिले, तर ती कमाई धरली जाते.

नातेवाइकाच्या धंद्यात मदत करणं मात्र स्वयंसेवेत बसत नाही, आणि हे आपल्या वाचकांना खास सांगायला हवं. मेव्हण्याच्या रेस्टॉरंटमध्ये गल्ल्यावर ‘सहज म्हणून’ बसणाऱ्याला, मेव्हण्याची पैसे देण्याची ऐपत असेल, तर भत्ता देणारं खातं पगार मिळाल्यासारखंच धरू शकतं आणि न मिळालेला तो पगार भत्त्यातून वजा करतं. धर्मादाय संस्थेसाठी फुकट काम करणं वाजवी असेल तर हा नियम लागू होत नाही.

नियम लिहिणाऱ्यांनी कुठे कुठे विचार केला होता हे पाहिलं की गंमत वाटते. जॉबसीकर्स अलाउन्स हा भत्ता ऑक्टोबर १९९६मध्ये सुरू झाला. त्याच्या नियमांत समुद्रात लाइफबोट सोडायला गेलेल्या माणसासाठी स्वतंत्र कलम होतं. वादळात बुडणाऱ्या जहाजाकडे निघालेला बेकार त्या वेळेपुरता ‘नोकरीसाठी उपलब्ध’ मानायचा. गावच्या अग्निशमन दलातल्या अर्धवेळ जवानालाही तसंच. धर्मादाय संस्थेच्या निवासी श्रमशिबिरात गेलेल्यालाही ती सूट होती, पण दोन आठवड्यांपुरती. दोन आठवड्यांहून जास्त परोपकार केला की संशय सुरू.

तो संशय जुना आहे. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यानं जहाजबांधणी, यंत्रकाम, बांधकाम अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगारांना बेकारीचा विमा मिळाला. आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. कामगार स्वतः वर्गणी भरत होता, त्यामुळे पैसे हक्काचे. पहिल्या महायुद्धानंतर बेकारी फुगली, विम्याचा निधी आटला आणि १९२१मध्ये नवी अट आली: माणूस मनापासून काम शोधतोय हे त्यानं सिद्ध करायचं. गावातली गिरणी बंद, खाण बंद, दुसरं काम नाही हे अधिकाऱ्यालाही ठाऊक. तरी किती दारं ठोठावली ते सांगा. आशा नसलेल्या दारांवर रोज थाप मारून आल्याचा हिशेब द्यावा लागे. १९३०मध्ये ही अट उठली. तिच्यामागची वृत्ती काही उठली नाही.

१९३०च्या दशकात बेकारांचा आकडा तीस लाखांच्या आसपास पोचला, तेव्हा या रिकाम्या हातांचं करायचं काय, हा प्रश्न सरकारइतकाच भल्या माणसांनाही पडला. ठिकठिकाणी बेकारांचे क्लब निघाले. साऊथ वेल्समधल्या ब्रिनमॉर या खाणगावात पीटर स्कॉट आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गावसुधारणेचं काम हाती घेतलं. १९३१मध्ये युरोपातून विद्यार्थी आले आणि गावच्या बेकार खाणकामगारांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी पोहण्याचा तलाव आणि बाग तयार केली. या मंडळींमागे ज्यांची प्रेरणा होती ते स्विस इंजिनिअर पिएर सेरेसोल पुढे १९३४च्या भूकंपानंतर बिहारमध्येही आले होते. श्रमदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं तसंच हे चित्र. पण ब्रिनमॉरमधल्या कामगार चळवळीतल्या अनेकांना ते सुंदर वाटलं नाही. बेकारांनी फुकट तलाव खणायचा म्हणजे मजुरी देऊन खणणाऱ्याच्या पोटावर पाय, असं त्यांचं म्हणणं होतं. फुकट काम पुरवणारे भेटत गेले, तर नगरपालिका माणसं पगारावर कशाला ठेवेल?

हा आक्षेप मला तेव्हाइतकाच आजही वजनदार वाटतो. स्वयंसेवेचं कौतुक करणाऱ्यांनी तो चटकन बाजूला सारू नये. संग्रहालयात वीस स्वयंसेवक आहेत म्हणून तिथल्या दोन पगारी जागा निघत नसतील, तर केट रायलीला हवी असलेली नोकरी केट रायलीच्याच फुकट कामानं अडवून धरलेली असू शकते.

ब्रिटिश कल्याणकारी राज्याचा आराखडा ज्यांनी १९४२मध्ये मांडला ते विल्यम बेव्हरिज जन्मले आपल्याच उपखंडात, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरला. बेव्हरिज म्हटलं की तो अहवाल आठवतो. १९४८मध्ये त्यांनी खास स्वयंसेवी कामावर पुस्तक लिहिलं, त्याची आठवण कमी लोकांना असते. सरकार सगळं करायला लागलं तर माणसं आपणहून काही करायची थांबतील, ही त्यांची काळजी होती. त्याच राज्यातलं एक खातं पुढे स्वयंसेवाच सक्तीची करेल, हे मात्र बहुधा त्यांच्या कल्पनेत बसलं नसतं.

तसं झालं २०११पासून. मंदीनं बेकारी वाढलेली, सरकार काटकसरीचं. एकामागून एक योजना आल्या. ‘मँडेटरी वर्क अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये चार आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत बिनपगारी काम. दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन प्रोग्रॅम’ या प्रायोगिक योजनेत सहा महिने, तेवढेच तास. ही कामं मुख्यतः ‘समाजाच्या फायद्याची’ असावीत असा दंडक असल्यानं बेकारांना धर्मादाय संस्थांच्या चॅरिटी शॉपमध्ये धाडलं जाऊ लागलं. तिथे जुने कपडे निवडायला एका बाजूला निवृत्त आजीबाई आपल्या हौसेनं आलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला तेच कपडे निवडणारा माणूस न आल्यास पोटाला मुकणारा. दोघांना नाव एकच, स्वयंसेवक.

फेब्रुवारी २०१२मध्ये तर कमाल झाली. सफकमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीच्या दुकानात रात्रपाळीच्या कायम जागेची जाहिरात निघाली आणि पगाराच्या रकान्यात छापलं होतं: बेकारभत्ता अधिक खर्च. यंत्रणेतली चूक, असा खुलासा कंपनीनं केला. असेलही. पण लोकांनी त्या जाहिरातीत योजनेचा खरा चेहरा पाहिला. काही मोठ्या दुकानदारांनी अंग काढून घेतलं. २०१४मध्ये सहा महिन्यांच्या सक्तीच्या कामाची आणखी एक योजना आली, तेव्हा अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘स्वयंसेवा स्वेच्छेचीच राहू द्या’ अशी मोहीम काढली. आमच्याकडे काठीच्या धाकानं माणसं पाठवू नका, हे संस्थांनीच सरकारला सांगणं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वाभिमानी गोष्ट वाटते. ज्यांना फुकटचे हात मिळणार होते त्यांनीच ते नाकारले होते. पुढच्या दोनेक वर्षांत या योजना गुंडाळल्या गेल्या.

धाक कसला होता, तेही सांगायला हवं. तिथल्या बोलीत त्याला ‘सँक्शन’ म्हणतात: भत्ता तोडणं. ऑक्टोबर २०१२पासून पहिल्या हलक्या चुकीला चार आठवडे, आणि गंभीर चूक पुन्हा पुन्हा केली तर थेट तीन वर्षं. ही तीन वर्षांची शिक्षा २०१९मध्ये सहा महिन्यांवर आणली गेली. केट रायलीसोबत खटल्यात असलेले जेमिसन विल्सन हे नॉटिंगहॅमचे. अवजड ट्रकवर काम केलेले, २००८पासून बेकार. सहा महिने जुनं फर्निचर नीट करण्याच्या बिनपगारी कामाला त्यांनी नकार दिला आणि त्यांचा भत्ता तुटला.

न्यायालयांनी काय केलं? १२ फेब्रुवारी २०१३ला अपील न्यायालयानं सरकारचे नियम बेकायदा ठरवले, पण कारण रुक्ष होतं. कोणती योजना, किती तास, काय काम, हे संसदेनं सांगितल्याप्रमाणे नियमांत मांडलेलंच नव्हतं, आणि लोकांना दिलेल्या नोटिसाही अपुऱ्या होत्या. ३० ऑक्टोबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानंही मुख्य मुद्द्यावर तेच म्हटलं. माणसाची भाकरी बंद करायची तर निदान त्याच्याकडून काय हवंय ते त्याला नीट सांगा, इतकाच त्याचा अर्थ. ही सक्तीची मजुरी आहे, हा मुद्दा मात्र दोन्ही न्यायालयांनी फेटाळला. भत्ता मिळवण्यासाठी घातलेली अट म्हणजे वेठबिगार नव्हे, असं त्यांचं मत.

भारतीय वाचकाला इथे थांबावंसं वाटेल, कारण जवळपास हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे ३० वर्षं आधी आला होता. राजस्थानात दुष्काळी कामावर अजमेर जिल्ह्यात मदनगंज-हरमाडा रस्ता बांधणाऱ्या मजुरांना, त्यात बायका पुष्कळ, दिवसाच्या सात रुपये किमान वेतनापेक्षा कमी मिळत होतं. तिलोनियाचे संजित ऊर्फ बंकर रॉय कोर्टात गेले. दुष्काळी काम ही मदत आहे, नोकरी नव्हे. म्हणून किमान वेतनाचा कायदा लागू नाही, असं राज्याचं म्हणणं होतं, आणि तशी सूट देणारा कायदाही होता. १९८३मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी ते मानलं नाही. माणूस नाइलाजानं कमी मजुरीवर राबतो तेव्हा ती राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदातली सक्तीची मजुरीच, आणि सरकारला तर लोकांच्या लाचारीचा फायदा उठवता येणारच नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. महाराष्ट्रात ७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आणि पाझर तलावांवर माती वाहिलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आपल्या रोजगार हमीचं तत्त्वही असंच होतं: काम मागितलं की सरकारनं काम द्यायचं, कामाची मजुरी द्यायची, आणि देता आलं नाही तर भत्ता द्यायचा. प्रत्यक्षात तो भत्ता फार थोड्यांच्या हाती पडला, हा भाग वेगळा आणि लाजिरवाणाही. पण तत्त्वापुरतं बोलायचं तर भत्ता घेणाऱ्याकडून फुकट काम काढण्याची कल्पना त्यात नाही.

खरी मेख ब्रिटनमध्ये निकालानंतर आली. नियम बेकायदा ठरले म्हणजे त्या नियमांखाली तोडलेले भत्ते परत द्यायला हवेत. सरकारच्या अंदाजानं ती रक्कम १३ कोटी पौंडांपर्यंत जात होती. मग मार्च २०१३मध्ये घाईनं कायदा आणला गेला. १४ तारखेला विधेयक मांडलं, २६ला राणीची संमती. जे बेकायदा होतं ते पूर्वलक्षी प्रभावानं कायदेशीर. विरोधी मजूर पक्षानं मतदानातून अंग काढून घेतलं. त्यांच्या चाळीसेक खासदारांनी पक्षाला न जुमानता विरोधात मत दिलं. चालू खटल्यातले नियम खेळाच्या मध्येच बदलणं न्याय्य सुनावणीच्या हक्काला बाधा आणतं, असं नंतर न्यायालयांनी २०१४ आणि २०१६मध्ये ठरवलं, आणि ज्यांनी आधीच दाद मागितली होती त्यांच्यापुरती दुरुस्ती व्हायला २०२० साल उजाडलं. भत्ता देणाऱ्या खात्याचे तेव्हाचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी २०१३च्या त्या गदारोळातच टीव्हीवर सवाल केला होता की सुपरमार्केटची फळी रिकामी असेल तेव्हा भूशास्त्रज्ञ महत्त्वाचा की माल लावणारा. केट रायली तोवर एका सुपरमार्केटात अर्धवेळ नोकरी करत होती. तिथे मालाच्या फळ्याच होत्या. फक्त पगार मिळत होता, आणि तिचं म्हणणं सुरुवातीपासून तेवढंच होतं.

आता ब्रिटनमधल्या मराठी घरांकडे वळू. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून चालू आहे; स्वयंसेवा आपल्या लोकांना नवी नाही. पण नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबाच्या कागदांवर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ हा शेरा असतो, म्हणून भत्त्याचा विषयच आपल्याला लागू नाही असं बहुतेक जण धरून चालतात. ते अर्धंच खरं. उत्पन्न पाहून दिलं जाणारं युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही हे बरोबर. पण स्वतःच्या नॅशनल इन्शुरन्स वर्गणीवर आधारलेला ‘न्यू स्टाइल’ जॉबसीकर्स अलाउन्स त्या शेऱ्याच्या यादीत नाही. म्हणजे १९११ची ती जुनी कल्पना, वर्गणी भरली म्हणून हक्क, इथे अजून जिवंत आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीनं दोनेक वर्षं नोकरी करून पुरेशी वर्गणी भरली आणि नोकरी गेली, तर तिला जास्तीत जास्त १८२ दिवस हा भत्ता मागता येतो; जोडीदाराचा पगार आड येत नाही. २०२५-२६मध्ये पंचवीस वर्षांवरच्यांना तो आठवड्याला ९२ पौंड ५ पेन्स होता. त्या काळात मुलांच्या शाळेत वाचनाला मदत करायची किंवा चॅरिटी शॉपमध्ये उभं राहायचं तरी हरकत नाही. ज्याच्या नावावर मूळ व्हिसा आहे त्याचीच नोकरी गेली, तर चित्र पार पालटतं. कंपनीनं कळवलं की व्हिसा साधारणपणे ६० दिवसांवर येतो, आणि मग स्वयंसेवा कुणाला सुचणार?

नातवंडांना सांभाळायला सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आजी-आजोबांना घरात बसून कंटाळा येतो आणि शेजारची बाई त्यांना चॅरिटी शॉपमध्ये घेऊन जाते, हे नेहमीचं. त्यांनी लक्षात ठेवावं: पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी स्वयंसेवा चालते, पण एकूण ३० दिवसांपर्यंत, आणि प्रवासाचा मुख्य हेतू तो नसावा. विद्यार्थ्यांनी आणखी जपावं. कधीमधी हात लावणं वेगळं आणि ठरलेल्या वेळेला ठरलेलं काम करायला बांधलेलं असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काम बिनपगारी असलं तरी विद्यार्थ्याला कामासाठी मिळणाऱ्या आठवड्याच्या २० तासांत मोजलं जातं.

ब्रिटनच्या नागरिकांसाठी आज मुख्य भत्ता युनिव्हर्सल क्रेडिट. एप्रिल २०१३मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइनपासून त्याची सुरुवात झाली. यात बेकारानं आठवड्याला साधारण ३५ तास नोकरी शोधण्यात घालवायचे असतात, आणि स्वयंसेवेचे तास त्यातून वजा करता येतात. पण जास्तीत जास्त निम्मे, म्हणजे साडेसतरा, आणि तेही जॉब सेंटरमधल्या वर्क कोचनं मान्य केलं तर. समजा एखादी बाई फूड बँकेत वीस तास देते. तिचे साडेसतरा तास धरले जातील. वरचे अडीच तिच्या खुशीचे. उरलेल्या साडेसतरा तासांत तिनं अर्ज, मुलाखती, संगणकावरचा शोध याचा हिशेब ऑनलाइन डायरीत लिहायचा. तिचा वर्क कोच समजूतदार असला तर फूड बँकेतला गोदामाचा अनुभव तो तिच्या बायोडेटात घालायला सांगेल. तो बदलून दुसरा आला, तर हे साडेसतरा तास त्याच्यापुढे पुन्हा मांडावे लागतील, कारण मान्यता देणं त्याच्या हातात आहे.